बर्फ न पडणाऱ्या गावात अँटीफ्रीझ

मुलुंड ते बोरिवली, व्हाया घाटकोपर आणि अंधेरी. मे महिन्यातला रविवार, एक उकळलेली गाडी आणि एक गुलाबी बाटली…

मुंबईची थंडी म्हणजे काय हो? मुलुंडला सकाळी स्वेटर घालून लोकलमध्ये चढायचं आणि कुर्ला येईपर्यंत तो काढून बॅगेत कोंबायचा. सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदलेलं सगळ्यात कमी तापमान आहे ७.४ अंश, आणि तेही २२ जानेवारी १९६२ चं. म्हणजे आपल्या आईबाबांच्या लहानपणीचं! शून्याला आपलं हे गाव कधी शिवलेलंच नाही. अशा शहरात ‘अँटीफ्रीझ’ नव्हतं म्हणून माझी गाडी बंद पडली असं सांगितलं, तर तुम्ही हसाल. मीही हसलो होतो. संध्याकाळपर्यंत मात्र ते हसू पार मावळलं.

झालं असं, की बोरिवलीला ताईकडे भाच्याचा सहावा वाढदिवस होता. ताईचं फर्मान सुटलं, ‘‘केक मी आणलाय. तू येताना बर्फ आण. माळ्यावरून आईचा पॉट काढलाय. मुलांना पॉटचं आइस्क्रीम दाखवायचंय. आणि हो, खडे मीठ विसरू नकोस.’’ म्हटलं, जो हुकूम. माझी दहा वर्षं जुनी, सेकंड हॅण्ड गाडी काढली, एलबीएस मार्गानं सिग्नल टू सिग्नल करत घाटकोपर गाठलं आणि मेट्रो स्टेशनखाली उभ्या असलेल्या केदारला उचललं. केदार माझा ऑफिसातला मित्र. फुकटचं आइस्क्रीम म्हटलं की तो कुठेही येतो.

काटा लालमध्ये!

घाटकोपर-अंधेरी रस्ता म्हणजे डोक्यावर मेट्रो आणि खाली आपण. २०१४ च्या जूनमध्ये मेट्रो सुरू झाल्यापासून वरची मंडळी गारेगार एसीत बसून वर्सोव्याला पोहोचतात आणि खालची मंडळी असल्फ्यालाच असतात. आम्हीही होतो. एसी फुल्ल, गाडी फर्स्ट गिअरमध्ये, पुढे टेम्पो, मागे बस. साकीनाक्याच्या अलीकडे केदार म्हणाला, ‘‘अरे, तो काटा असा वर का गेलाय?’’

टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्यात होता. दोन मिनिटांत बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. मागच्या बसवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. मी गाडी कशीबशी एका आतल्या गल्लीत घातली. देवाची कृपा, समोरच गॅरेज. मी घाईघाईनं बॉनेट उघडलं, रुमाल घेतला आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, एवढ्यात आतून जोरात आवाज आला, ‘‘ओ साहेब! हात काढा आधी!’’

पन्नाशीचे, हात ग्रीसनं माखलेले एक मामा बाहेर आले. ‘‘घरी कुकर उतरवल्या उतरवल्या झाकण काढता का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग? हा पण कुकरच आहे. तोंडावर उडालं असतं सगळं. इंजिन बंद करा, चहा प्या. पाऊण तासानं बघू.’’

कटिंग पिता पिता मामांनी माझी उलटतपासणी घेतली. कूलंट शेवटचं कधी बदललं? आठवत नाही. लेव्हल कमी झाली तर काय घालता? पाणी. कुठलं? सोसायटीत गाड्या धुवायला बोअरवेलचा नळ आहे, तिथलं. मामा काहीच बोलले नाहीत. पाऊण तासानं त्यांनी झाकण उघडलं. आत गढूळ, तपकिरी पाणी.

‘‘साहेब, हा रेडिएटर आहे की अमृततुल्य?’’

निदान झालं. एक होज पाइप चिरला होता, तिथून थेंब थेंब गळत होतं. मी वरून पाणी घालत होतो. त्या पाण्यातल्या क्षारांचा थर आणि आतला गंज मिळून रेडिएटरच्या बारीक नळ्या अर्ध्या बुजल्या होत्या. चालत्या रस्त्यावर वाऱ्यानं निभावत होतं, साकीनाक्याच्या ट्रॅफिकमध्ये मात्र गाडीनं हात टेकले. मामांनी पाइप बदलला, रेडिएटर फ्लश केला आणि कोपऱ्यातून एक गुलाबी कॅन आणला. केदारनं त्यावरचं लेबल वाचलं आणि खो खो हसत सुटला.

‘‘अँटीफ्रीझ! मामा, आम्ही लेहला नाही, बोरिवलीला चाललोय.’’

‘‘वाचता येतंय ना? मग पुढचं पण वाचा,’’ मामा शांतपणे म्हणाले.

गोठू न देणारं आणि उकळू न देणारं

पुढे लिहिलं होतं, उकळण्यापासून आणि गंजापासून संरक्षण. मुंबईकरांच्या कामाचा भाग हाच.

इंजिनात पेट्रोल जळतं, पण त्यातली ढोबळमानानं एक तृतीयांश ऊर्जाच चाकं फिरवायला लागते. साधारण तेवढीच सायलेन्सरमधून बाहेर जाते आणि उरलेली उष्णता इंजिनाच्या अंगात मुरते. ती बाहेर काढली नाही, तर सिलिंडर हेड वाकडं होतं आणि हजारोंचं बिल हातात येतं. म्हणून इंजिनाभोवतीच्या पोकळीतून एक द्रव सतत फिरवतात. तो इंजिनात तापतो, रेडिएटरमध्ये जाऊन वाऱ्यानं किंवा पंख्यानं गार होतो आणि परत येतो. मध्ये थर्मोस्टॅट नावाचा वॉचमन असतो. इंजिन साधारण ८५-९० अंशांपर्यंत तापलं, की तो रेडिएटरचं दार उघडतो.

मग नुसतं पाणी का नाही चालत? खरं तर उष्णता वाहून न्यायला पाण्यासारखं दुसरं काही नाही. पण पाण्याच्या तीन खोडी आहेत. शून्याला ते गोठतं आणि गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. तेवढ्यानं लोखंडी इंजिन ब्लॉकही तडकू शकतो. १०० अंशाला ते उकळतं. आणि ते लोखंड गंजवतं, ॲल्युमिनियम खातं. यावर उपाय म्हणजे पाण्यात इथिलीन ग्लायकॉल मिसळायचं. व्युर्त्झ नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८५० च्या दशकात पहिल्यांदा बनवलेला हा रंगहीन, किंचित घट्ट द्रव.

याचा फंडा सोपा आहे. बर्फ व्हायचं तर पाण्याच्या रेणूंना शिस्तीत रांगेत उभं राहावं लागतं. आता अंधेरीच्या तिकीट खिडकीची रांग डोळ्यांसमोर आणा. मध्ये मध्ये घुसखोर शिरले, की रांगेचा पार विचका! ग्लायकॉल तेच करतं. गंमत बघा, शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपास गोठतं आणि पाणी शून्याला. पण दोघांचं अर्धं अर्धं मिश्रण थेट उणे ३७ च्या आसपासपर्यंत तग धरतं! तेच मिश्रण उकळतं मात्र साधारण १०७ अंशाला. त्यावर रेडिएटरच्या झाकणाचा दाब, म्हणजे मामांचा कुकर, आला की हा आकडा सव्वाशेच्या पुढे जातो. लेहला जाणारा बाइकवाला आणि साकीनाक्याला अडकलेला मी, दोघांना लागतं एकच रसायन. फक्त त्याला त्याचं एक टोक हवं असतं आणि मला दुसरं.

आणि गंज? त्यासाठी कूलंटमध्ये वेगळी रसायनं घातलेली असतात. कालांतरानं ती संपतात, म्हणून कूलंट ठरावीक वर्षांनी बदलायचं. रंगावर मात्र जाऊ नका. हिरवा, गुलाबी, निळा हा नुसता डाय असतो. कंपनीगणिक त्याचा अर्थ बदलतो.

‘‘आमच्या वेळी कुठलं कूलंट!’’ मामा गाडी पुसता पुसता म्हणाले. पोरसवदा वयात ते काळ्या-पिवळ्या टॅक्सींवर काम शिकले. त्या प्रीमियर पद्मिनी इथून जवळच, कुर्ल्याच्या कारखान्यात बनायच्या. टॅक्सीवाले डिकीत पाण्याचा डबा ठेवूनच धंद्यावर निघायचे. घाट चढायचा तर दोन डबे. २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेल्या आणि ते डबेही गेले.

‘‘इलेक्ट्रिक गाड्या आल्यावर तुमचं हे काम बंद होणार मामा,’’ केदारनं टोला हाणला.

‘‘कशाला बंद होतंय? त्यांच्यापण बॅटरीला कूलंट लागतंच की.’’ खरंच आहे. बऱ्याचशा इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीभोवती हेच ग्लायकॉलचं पाणी फिरत असतं.

कॅनमध्ये थोडं कूलंट उरलं. ‘‘एक-दोन दिवस लेव्हल बघा, कमी झाली तर घाला,’’ मामा म्हणाले. मी शहाणपणानं गाडीतली मिनरल वॉटरची रिकामी बाटली पुढे केली. अर्धी बाटली भरली. सुंदर गुलाबी रंग. ही बाटली लक्षात ठेवा.

खायचा की मासळीचा?

पुढचा स्टॉप अंधेरी पश्चिम, वर्सोव्याच्या वाटेवरचा एक बर्फाचा कारखाना. बाहेर मे महिना, आत पाऊल टाकलं की पायाखाली ओल, नाकात अमोनियाची पुसटशी झिणझिण आणि कानात कॉम्प्रेसरची घरघर. लाकडी फळ्यांनी झाकलेला एक प्रचंड हौद होता. एक फळी उचलून तिथल्या काकांनी आत दाखवलं. पाण्यात पत्र्याचे उंच डबे ओळीनं बुडवलेले.

‘‘डब्यात गोडं पाणी, बाहेर मिठाचं,’’ काका म्हणाले.

हौदातलं खारं पाणी शून्याच्या आठ-दहा अंश खाली असतं, पण ते स्वतः गोठत नाही. डब्यातल्या पाण्याचा मात्र हळूहळू दगड होतो. एक मोठी लादी व्हायला दिवस लागतो, कधी त्याहूनही जास्त. मी आणि केदारनं एकमेकांकडे पाहिलं. आम्ही अर्ध्या तासापूर्वी ज्या अँटीफ्रीझला हसलो, ते इथे हौद भरून होतं! बर्फ न पडणाऱ्या या गावात बर्फ तयार होतो, तोही न गोठणाऱ्या पाण्याच्याच जिवावर.

‘‘खायचा पाहिजे की मासळीचा?’’ काकांनी विचारलं.

वर्सोव्याच्या बंदरावर होड्यांना टनावारी बर्फ लागतो. तो पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही. पूर्वी तोच बर्फ फिरून फिरून गोळ्याच्या आणि उसाच्या रसाच्या गाडीवर यायचा आणि आपण पोट धरून बसायचो. म्हणून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१८ मध्ये नियम केला, की खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा. पांढरा खायचा, निळा नाही. केवढी साधी आयडिया! लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही कळेल अशी.

आम्ही पांढरा बर्फ घेतला, पोत्यात गुंडाळला आणि लिंक रोडनं बोरिवलीकडे सुटलो. ओशिवरा, मालाड, कांदिवली. काटा बरोबर मध्यावर. कॉलर टाइट!

पांढरा, निळा… आणि गुलाबी

ताईकडे सहाव्या मजल्यावर सगळं सामान एकाच खेपेत न्यायचं म्हणून आम्ही हाताला येईल ते उचललं. बर्फ, मीठ, गिफ्ट, सोड्याच्या बाटल्या. त्या पिशवीत ती बाटलीही होती, हे मला माहीत नव्हतं.

गॅलरीत पॉट मांडला होता. लाकडी बादली, मध्ये दुधाचा डबा, वर हॅण्डल. भावोजी बर्फ फोडत होते, केदार मीठ पसरत होता, मुलं हॅण्डलसाठी भांडत होती. मी आपला नुकतंच मिळालेलं ज्ञान पाजळत होतो. मीठ घातलं की बर्फ शून्याच्या खाली राहूनही वितळतो, वितळायला लागणारी उष्णता तो डब्यातल्या दुधातून ओढतो, म्हणून दुधाचं आइस्क्रीम होतं. दुधातली साखरही एक प्रकारचं अँटीफ्रीझच. ती नसती तर आइस्क्रीमची वीट झाली असती, वगैरे वगैरे.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून ताईची किंकाळी आली.

भाच्यानं पिशवीतली बाटली काढली होती. झाकण उघडून त्यानं ते गुलाबी पाणी कार्टूनच्या ग्लासात ओतलं होतं आणि ग्लास ओठांपर्यंत नेला होता. ताई वाट्या घ्यायला आत गेली म्हणून तिला दिसलं. ‘‘कोकम तर अजून फ्रीजमध्येच आहे, मग हा काय पितोय?’’ एवढंच तिच्या डोक्यात आलं आणि तिनं ग्लास हिसकावला.

‘‘मामानंच आणलंय ना सरबत?’’ भाचा रडवेला होऊन म्हणाला.

एक थेंबही पोटात गेला नव्हता. तरी आम्ही त्याचं तोंड धुतलं, ओठ पुसले, दहा वेळा विचारलं. माझे पाय मात्र लटपटत होते. कारण बर्फाला निळा रंग का घालतात यावर मी गाडीत केदारला लेक्चर दिलं होतं आणि स्वतः विष पाण्याच्या बाटलीत भरून आणलं होतं. सरबताच्या रंगाचं. आणि भर म्हणजे, इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं.

भावोजी एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहेत. एरवी ते फारसं बोलत नाहीत. त्या दिवशी मुलं परत पॉटकडे गेल्यावर ते मला हळूच म्हणाले, ‘‘तुला जेजेची गोष्ट माहितीये?’’

१९८६ ची जानेवारी-फेब्रुवारी. भायखळ्याच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये १४ पेशंट किडन्या निकामी होऊन दगावले. त्यांना उपचारासाठी ग्लिसरीन दिलं होतं. ते औषधी नव्हतं, औद्योगिक दर्जाचं होतं आणि त्यात डायइथिलीन ग्लायकॉल होतं. आपल्या कूलंटमधल्या ग्लायकॉलचाच सख्खा भाऊ. दिसायला ग्लिसरीनसारखा, चवीला गोड, किमतीला स्वस्त. चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला आणि खरेदीपासून तपासणीपर्यंतचा सगळा गलथान कारभार चव्हाट्यावर आला. हेच रसायन १९३७ मध्ये अमेरिकेत एका औषधातून शंभरावर लोकांच्या जिवावर उठलं होतं. आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधातून वीसहून जास्त मुलांच्या. त्यातली बरीचशी मुलं उपचारांसाठी आपल्या नागपूरला आणली होती.

‘‘म्हणून आमच्याकडे ग्लिसरीनचा कुठलाही माल आला, की आधी ही टेस्ट होते,’’ भावोजी म्हणाले. ‘‘माल दिसायला कितीही स्वच्छ असू दे. दिसण्यावर जायचं नाही, हाच आमचा धंदा.’’

हे ग्लायकॉल पोटात गेलं की आधी दारू प्यायल्यासारखं वाटतं. मग लिव्हरमध्ये त्याचं ॲसिड होतं आणि शेवटी किडनीत स्फटिक साचतात. लहान मुलाला काही घोटही जीवघेणे ठरू शकतात. यावर हॉस्पिटलमध्ये द्यायचं औषध आहे, डायलिसिस आहे, पण वेळेत पोहोचलं तरच.

मी ती बाटली हातात घेऊन बराच वेळ बघत होतो. आणखी एक गंमत सांगू? ही प्लॅस्टिकची बाटलीसुद्धा इथिलीन ग्लायकॉलपासूनच बनते. आपल्या पॉलिस्टरच्या शर्टासारखीच. पण तिथे ते साखळीत घट्ट जखडलेलं असतं, त्रास देत नाही. एकच वस्तू गाडीत गुणाची, बाटलीच्या भिंतीत निरुपद्रवी आणि बाटलीच्या पोटात विष. सगळा फरक ती कुठे आहे आणि तिच्यावर काय लिहिलंय याचाच.

ताईनं कपाटातून जाड मार्कर आणला आणि बाटलीवर लिहिलं, ‘विष. गाडीचं आहे.’ मग टेप गुंडाळून ती माझ्या हातात दिली. एरवी मला चार शब्द सुनवायची संधी न सोडणारी ताई काहीच बोलली नाही. ते जास्त लागलं.

आइस्क्रीम सॉलिड झालं होतं. आंब्याचं. भाच्यानं दोन वाट्या खाल्ल्या. रात्री केदारला घाटकोपरला सोडून मुलुंडला येईपर्यंत काटा मध्यावरून हलला नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाता जाता मी साकीनाक्याला उतरलो आणि ती बाटली मामांना परत दिली. त्यांनी वरचं ताईचं अक्षर वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. ‘‘चूक माझी पण आहे,’’ म्हणाले. आता त्यांच्या गॅरेजमध्ये उरलेलं कूलंट मूळच्या कॅनमध्येच मिळतं. पाण्याची बाटली पुढे केली तर मामा ओरडतात.

जाता जाता…

• गाडी तापली तर एसी बंद करा, हीटर फुल्ल करा. इंजिनाची थोडी उष्णता तिकडून निघते. मग बाजूला घेऊन इंजिन बंद. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही.

• किती वर्षांनी कूलंट बदलायचं आणि कुठल्या प्रकारचं, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. रंग बघून दोन प्रकार एकमेकांत मिसळू नका.

• कॉन्सन्ट्रेट घेतलंत तर त्यात बोअरवेलचं पाणी नको, बॅटरीचं पाणी घाला. ‘रेडी मिक्स’ लिहिलं असेल तर पाणी अजिबात नको.

• पार्किंगमध्ये गाडीखाली रंगीत, चिकट डाग दिसला तर लगेच पाण्यानं धुवा आणि गळती बघून घ्या. सोसायटीतली कुत्री-मांजरं ते गोड म्हणून चाटतात आणि जिवाला मुकतात.

• जुनं कूलंट गटारात ओतू नका. साकीनाक्याचं गटार मिठी नदीला जातं. गॅरेजवाल्याकडेच द्या.

• चुकून कुणाच्या पोटात गेलंच तर उलटी करवू नका, लक्षणांची वाट बघू नका. डबा सोबत घेऊन थेट हॉस्पिटल गाठा.

• आणि पाण्याची बाटली फक्त पाण्यासाठी. प्लीज.